बिनचेहऱ्याचे बोल

पुणे-सातारा महामार्गावर भोर तालुक्यातील सारोळे मागे पडले, की नीरेचा पूल लागतो. पलीकडे सातारा जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात शिरवळ येते. तेथे नदीकाठी सुभानमंगळ हा भुईकोट होता. 1648 मध्ये विजापूरचा सरदार फत्तेखान चालून आला, तेव्हा शत्रूच्या हाती गेलेला हा कोट कावजी मल्हार यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी परत जिंकला. आज तेथे तुरळक अवशेष तेवढे उरले आहेत. मात्र संगणकाला आज्ञा केली, की तो क्षणात गगनचुंबी बुरूज रंगवून देतो. त्यावर यंत्राचा भारदस्त आवाज चढवला, की इतिहासाची चित्रफीत तयार! ती कोणी केली आणि कशाच्या आधारे, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

कॅमेऱ्यासमोर न येता यूट्यूबवर चित्रफिती करणे, हा आता अनेक तरुणांचा जोडधंदा झाला आहे. मुळात चेहरा न दाखवणे हा काही दोष नव्हे. पुणे आकाशवाणी 1953 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कित्येक आवाजांनी चेहऱ्याविना घराघरात स्थान मिळवले. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधील टेकाडे भावजींना श्रोत्यांनी आवाजावरूनच आपले मानले. नगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे संकोच बाजूला सारून कॅमेऱ्यासमोर आल्या आणि 2020 मध्ये 'आपली आजी' म्हणून घरोघरी पोहोचल्या. परंतु ही मोकळीक प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. घरच्यांचा विरोध आणि अनोळखी लोकांचे अश्लील शेरे टाळण्यासाठी एखाद्या सुनेने केवळ हात दाखवून पाककृती शिकवली, तर त्यात गैर काय?

खरा प्रश्न चेहऱ्याचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. आकाशवाणीच्या आवाजामागे संस्था उभी होती. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे ठाऊक होते. येथे अर्थकारणच निराळे आहे. हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण ही अट पूर्ण केली, की जाहिरातींतील वाटा मिळण्याचा मार्ग खुला होतो. साहजिकच सत्यापेक्षा संख्येला महत्त्व येते. 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजना सुरू झाल्यावर 'हप्ता आजच जमा' अशा शीर्षकांच्या चित्रफितींचे पीक आले, ते याच हिशेबातून. त्यावर विसंबून बँकेत हेलपाटे घालणाऱ्या बाईचे जे नुकसान होते, ते भरून देण्यास कोणीही पुढे येत नाही.

यूट्यूबने जुलै 2025 मध्ये नियम अधिक स्पष्ट करून एकाच साच्यातून घाऊक काढलेल्या चित्रफितींना उत्पन्न नाकारण्याची भूमिका घेतली. केंद्र सरकारनेही नियमांत दुरुस्ती करून फेब्रुवारी 2026 पासून कृत्रिम आशयावर तशी खूण बंधनकारक केली. ही पावले स्वागतार्ह असली, तरी त्यांना मर्यादा आहेत. चित्र यंत्राने काढले, एवढेच ती खूण सांगते. सांगितलेली हकीकत खरी की खोटी, हे नाही.

म्हणूनच चित्रफीत करणाऱ्यांनी काही पथ्ये स्वतःहून पाळायला हवीत. माहितीचा आधार सांगावा, काल्पनिक चित्राला काल्पनिक म्हणावे, संपर्काचा पत्ता द्यावा आणि चूक ध्यानात आली तर ती उघडपणे दुरुस्त करावी. सारोळ्यातील एखाद्या लाजाळू मुलाला सुभानमंगळाची कथा सांगायची असेल, तर त्याने पूल ओलांडावा, उरलेले दगड दाखवावेत आणि बाकीचे काळाने नेले, असे प्रामाणिकपणे सांगावे. जवळच्या रोहिड्यावर आणि राजगडावरही त्याला असेच करता येईल. प्रत्यक्ष जागेवर जाण्याचे हे काम घरबसल्या घाऊक चित्रफिती काढणाऱ्याला जमणार नाही.

प्रेक्षकांनीही चित्रफीत पुढे धाडण्यापूर्वी 'हे कोण सांगत आहे?' असे विचारावे. चेहरा पडद्याआड राहिला तरी चालेल. जबाबदारी मात्र पडद्याआड जाता कामा नये.