अर्धं चित्र, पूर्ण वेड

मी बँकेत कॅश कौंटरला बसतो. वीस रुपयांपर्यंतची निम्म्याहून लहान फाटकी नोट आणलीत तर छदामही मिळायचा नाही, हे रोज सांगतो आणि रोज शिव्या खातो. म्हणूनच २०२२ साली अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं फाटून अर्धं उरलेलं चित्र पंधरा लाख डॉलरांवर गेलं, तेव्हा माझं बी.कॉम. फुकट गेलं असं वाटलं! अख्खं चित्र त्याच वर्षी साडेबहात्तर लाखांना गेलं.

१९०९ च्या सुमारास ही चित्रं सिगारेटच्या पाकिटात मिळत. वॅग्नरने आपलं चित्र थांबवलं. कोणी म्हणतं, पोरांनी त्यापायी तंबाखू घेऊ नये म्हणून. कोणी म्हणतं, मोबदल्यापायी. म्हणून आज जेमतेम साठेक उरलीत. गडी आठदा नॅशनल लीगमध्ये फलंदाजीत पहिला. पण भाव खेळाला नाही, टंचाईला!

लहानपणी आम्ही बबलगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो. जास्तीचं देऊन नसलेलं घ्यायचो. त्याला छंद म्हणतात. प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून तिजोरीत ठेवतात, ती मुदतठेव! खुशाल ठेवा; पण वॅग्नरच्या प्रेमाच्या गोष्टी सांगू नका. तो बिचारा ‘नको’च म्हणाला होता हो!