टॅपेटचा आवाज

प्रीमिअर पद्मिनीचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेले फियाट ११०० चे इंजिन. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून गाडी उकळली की हेड वाकते, गॅस्केट जाते आणि ऑइलमध्ये पाणी शिरते. हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत, एवढे मॅन्युअलमध्ये असते. मात्र मॅन्युअल नव्या इंजिनासाठी लिहिलेले असते आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनाच्या दारात उभे असते ते तीनदा बोअर केलेले इंजिन. त्यात टॅपेटची फट किती ठेवायची, घासलेले पॉइंट अजून किती चालतील, कार्ब्युरेटरचा जेट कोणी शहाण्याने मोठा करून ठेवला आहे का, हे मिस्त्रीला नुसत्या आवाजावरून कळते. हे शिक्षण पद्मिनी टॅक्सींच्या गॅरेजांत व्हायचे, कारण तिथे तोच बिघाड रोज दारात यायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली आणि ती शाळाही मोडली. निरोपाचे फोटो मात्र भरपूर निघाले. शौकीन मंडळींचा पैसा रंग आणि क्रोमवर जातो; रॅलीत बॉनेट उघडते तेही फोटोपुरते. हे उलटे आहे. क्रोम पुन्हा चढवता येते, मिस्त्रीचा कान नाही. पद्मिनीच्या मालकांनी पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींशेजारी वही घेऊन बसावे, टॅपेटचा आवाज आधी आणि नंतर मोबाइलवर टिपावा आणि चहा आपणहून सांगावा.