सहल नको, मुक्काम हवा

सहलीचे दिवस जवळ आले म्हणजे वर्गावर्गांतून एकच चर्चा चालू होते : यंदा कोठें जावयाचें? उत्तर बहुधा ठरलेलेंच असतें. पहाटे बसमध्यें बसावयाचें, वाटेंत मोठ्यानें गाणीं लावावयाचीं, दिवसाकांठीं तीन-चार स्थळें उरकावयाचीं आणि रात्रीं पेंगुळलेलीं मुलें आईबापांच्या स्वाधीन करावयाचीं. ह्या धांवपळीस सहल म्हणण्यास माझें मन घेत नाहीं. माझें मत असें आहे कीं, मोठ्या इयत्तांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून एकदां तरी डोंगरांतील रक्षित वनाशेजारीं एक रात्र काढावी आणि दुसरे दिवशीं पायीं डोंगर चढावा.

ह्यासाठीं फार लांब जाण्याचें कारण नाहीं. न्हावा-शेव्याहून तासाभराच्या वाटेवर, पनवेलच्या दक्षिणेस, कर्नाळ्याचें पक्षी-अभयारण्य आहे. १९६८ सालीं तें स्थापन झालें. क्षेत्रफळानें लहान, पण त्यांत दीडशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. वनाच्या माथ्यावर कर्नाळा किल्ला आणि त्याच्या मध्यभागीं आंगठ्यासारखा उभा असलेला काळ्या पाषाणाचा सुळका. हा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोंगलांस द्यावा लागला, आणि १६७० त परत मिळविला. पायथ्यापासून जवळच असलेल्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. इतिहास, भूगोल व जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकाच पायवाटेवर शिकावयास मिळतात, अशी शाळा दुसरी कोठें सांपडेल?

तथापि ही शाळा घाईनें येणाऱ्यास कांहींच शिकवीत नाहीं, हें मी स्वतःच्या चुकीवरून सांगतों. पहिल्यानें मीं चाळीस मुलें घेऊन हा किल्ला चढलों, तेव्हां माझ्या हातांत शिट्टी होती. मागें राहाणाऱ्यास दटावीत, पुढें जाणाऱ्यास आवरीत आम्ही वेळेवर माथा गांठला व वेळेवर परतलों. दुसरे दिवशीं वर्गांत विचारलें, "कोणकोणते पक्षी पाहिले?" एका मुलानें उठून उत्तर दिलें, "सर, कावळे." दोष मुलांचा नव्हता, शिट्टी माझ्या हातांत होती.

पुढील वर्षीं बाराच मुलें नेलीं आणि पायथ्याशीं रात्रीचा मुक्काम केला. जेवण झाल्यावर आम्ही दिवे मालवून अंगणांत बसलों. बऱ्याच वेळानें एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, रात्र इतकी शांत असते हें मला ठाऊकच नव्हतें. आमच्या घरासमोरून पहाटेपर्यंत ट्रेलर जातात." उजाडण्यापूर्वीं झाडींतून पक्ष्यांचे आवाज येऊं लागले. मुलांनीं चार निरनिराळे आवाज मोजले आणि चार पक्षी वहींत लिहिले. अंमळ उजेड झाल्यावर दिसलें कीं पक्षी एकच होता. तो भृंगराज, शेपटीस दोन लांब तंतू असलेला, आणि इतर पक्ष्यांच्या नकला करण्यांत पटाईत. त्या मुलांनीं वहींतली चूक खोडून जें लिहिलें, तें तीं जन्मभर विसरणार नाहींत.

त्या मुलाचें वाक्य मात्र माझ्या मनांतून जात नाहीं. आपल्या बंदराचें काम १९८९ सालीं सुरू झालें. त्यासाठीं येथील शेतकऱ्यांनीं, मिठागरवाल्यांनीं व कोळी बांधवांनीं आपल्या जमिनी व खाड्या सोडल्या. नव्या शहरासाठीं जमिनी जात असतां योग्य मोबदल्याच्या मागणीकरितां १९८४ च्या जानेवारींत जासई व नवघर येथें झालेल्या आंदोलनांत पांच जणांनीं प्राण दिले. बंदरानें पुष्कळांस भाकरी दिली, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण ज्या गांवच्या आजोबांस भरती-ओहोटीची वेळ पंचांग न पाहातां कळत असे, त्या गांवच्या नातवास पांखराचा आवाज ओळखूं येऊं नये, ही हानि कोणत्याहि मोबदल्यानें भरून निघणारी नाहीं. आणि जें आपण ओळखीत नाहीं, त्याचें रक्षण आपण कशाला करूं? मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याच्या रानांतूनच जातो. उद्यां ह्या रानाचें काय करावयाचें, हें ठरविणारे नागरिक आज आपल्याच बांकांवर बसले आहेत.

पालकांच्या शंका मी जाणतों. खर्च? बसचें भाडें सहलीसहि लागतेंच. मुक्कामांत भाकरी-पिठलें पुरतें. मुलींचें काय? शिक्षिका सोबत असाव्या आणि तुकडी लहान असावी. आईंनींहि यावें. अपघाताचें भय? सुळक्यावर आग्यामाश्यांचीं मोहोळें असतात, हें खरें. परंतु धूर व गलबला केल्यानेंच त्या खवळतात. म्हणजे ह्या वनाचा नियम तोच आपल्या प्रार्थनामंदिराचाहि आहे : आवाज खालीं, पाऊल जपून, आणि आणलेलें सर्व परत न्यावयाचें. असा नियम पाळावयास शिकणें हेंच शिक्षण नव्हे काय?

आकाशांतील पांखरांकडे लक्ष देण्याची शिकवण शुभवर्तमानांत आहे, आणि ती आपण दरवर्षीं वाचतों. लक्ष देणें म्हणजे धांवत्या बसमधून डोकावणें नव्हे. त्यास थांबावें लागतें. शाळेच्या चालकांस व पालकांस माझी नम्र विनंति आहे कीं, येत्या हिंवाळ्यांत मुलांस एक रात्र थांबूं द्यावें. शिट्टी मी घरीं ठेवून येईन.