स्वस्त मोटरीचे महाग बिल

गोंदिया शहराला लागून असलेले फुलचूर आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर म्हणजे धानाचा मुलूख. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा राज्यात ओळखला जातो तो राइस मिलच्या उद्योगामुळे. सरकारी खरेदीतील धानाच्या भरडाईचा दर सरकार ठरवते. साध्या तांदळासाठी शंभर किलोमागे ६७ किलो आणि उसन्यासाठी ६८ किलो हा उताराही सरकारनेच ठरवून दिलेला आहे. गिरणीमालकाच्या हाती उरतो तो केवळ खर्च आणि त्या खर्चातील एक मोठा वाटा विजेचा असतो. ही वीज खाते कोण? शेलर, पॉलिशर, एलिव्हेटर, चाळण्या, पंखे आणि ब्लोअर यांच्या मागे शांतपणे फिरणाऱ्या मोटरी. असे असूनही मोटर खरेदी करताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, तो "केवढ्याला पडेल?" हाच. "ती वर्षभरात किती वीज खाईल?" हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. ५० अश्वशक्तीची, म्हणजे ३७ किलोवॉटची चार ध्रुवांची मोटर घ्या. आयई-१ या जुन्या वर्गात तिची कार्यक्षमता ९१.२ टक्के, तर आयई-३ वर्गात ९३.९ टक्के असते. फरक तीन टक्क्यांहूनही कमी, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. पण पूर्ण भाराने वर्षात चार हजार तास चालणारी जुनी मोटर सुमारे एक लाख ६२ हजार युनिट वीज घेते, आणि नवी मोटर तेच काम सुमारे चार हजार ६०० युनिट कमी घेऊन करते. युनिटला आठ रुपये धरले, तर जुन्या मोटरीचे एका वर्षाचे बिल तेरा लाखांच्या घरात जाते. आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत हा अगदी लहान भाग असतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडला पाहिजे. साधा तांदूळ काढणारी गिरणी हंगामात जोरात चालते आणि नंतर थंडावते. तिथे एखादी मोटर वर्षात आठशे तासच फिरत असेल, तर तीच बचत हजार युनिटांच्याही खाली येते. अशा ठिकाणी महागडी आयई-४ मोटर बसवणे हा व्यवहार नव्हे, हौस ठरेल. उसन्या तांदळाच्या गिरणीत मात्र बॉयलरचे आणि ड्रायरचे पंखे दीर्घकाळ चालतात. पैसा घालायचा तो तिथे. मोटरीचा वर्ग निवडताना फिरण्याचे तास आधी पाहावेत, अश्वशक्ती नंतर.

मोठी मोटर म्हणजे सुरक्षित मोटर?

मोटर जळू नये म्हणून २० अश्वशक्तीच्या कामाला ३० अश्वशक्तीची मोटर लावण्याची सवय आपल्याकडे रुजलेली आहे. या सवयीमागची भीती खोटी नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले, तर मोटरीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १९ टक्क्यांनी कमी होतो, विद्युतप्रवाह वाढतो आणि वाइंडिंग तापते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. बहुतेक मोटरींची क्षमता भोवतालचे तापमान ४० अंश गृहीत धरून ठरवलेली असते. वैशाखात गिरणीच्या पत्र्याखाली हा आकडा सहज मागे पडतो. त्यावर तुसाच्या धुळीचा थर मोटरीच्या पात्यांवर बसला, की उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

तरीही मोठी मोटर हा यावरचा इलाज नाही. निम्म्याहून कमी भारावर चालणाऱ्या मोटरीची कार्यक्षमता घसरते आणि पॉवर फॅक्टर तर त्याहून जास्त घसरतो. एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॉटवरील लघुदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने बिल येऊ लागले. त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर प्रत्यक्ष वापरलेल्या १०० युनिटांसाठी १२५ युनिटांचे पैसे द्यावे लागतात. पूर्वी दंडाच्या स्वरूपात दिसणारी चूक आता थेट युनिटांत मोजली जाते. योग्य क्षमतेची आणि धुळीपासून संरक्षण देणारी बंद बांधणीची मोटर, व्यवस्थित कपॅसिटर, ओव्हरलोड व सिंगल फेजिंगपासून संरक्षण आणि आठवड्यातून एकदा साफसफाई हा उपाय अधिक स्वस्त आहे.

जळालेल्या मोटरीचे रिवाइंडिंग हाही दुर्लक्षिलेला विषय. काम काळजीपूर्वक झाले, तर कार्यक्षमता टिकते. पण जुने वाइंडिंग काढण्यासाठी भगभगत्या ज्योतीने गाभा भाजला, तर त्याच्या पत्र्यांमधील रोधक थर खराब होतो आणि मोटर कायमची अधिक वीज खाऊ लागते. बाहेरून ती पूर्वीसारखीच दिसते. बिल वाढते, पण दोष मात्र मीटरला दिला जातो.

ड्राइव्ह कुठे, कुठे नको

गेल्या काही वर्षांत वेगनियंत्रक ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, यांचा बोलबाला वाढला आहे. "लावा आणि तीस टक्के वाचवा" असे विक्रेते सांगतात. हे अर्धसत्य आहे. पंखा किंवा पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला, तर शक्ती सैद्धांतिकदृष्ट्या जवळपास निम्म्यावर, ५१ टक्क्यांवर येते. ड्रायरचा पंखा पूर्ण वेगाने चालवायचा आणि झडप अर्धी लावून हवा अडवायची, ही रीत जिथे आहे, तिथे ड्राइव्ह आपली किंमत लवकर वसूल करते. एलिव्हेटर किंवा शेलर यांची गोष्ट वेगळी. त्यांना जवळपास सारखाच टॉर्क आणि ठरावीक वेग लागतो. तिथे ड्राइव्हमुळे झटका कमी होतो, पण वीज फारशी वाचत नाही. उलट ड्राइव्हमध्ये थोडी वाया जाते.

थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्णभार प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर तो एक तृतीयांशावर आणतो, पण टॉर्कही एक तृतीयांश होतो. धानाने भरलेला एलिव्हेटर अशा वेळी हलतच नाही. तिथे सॉफ्ट स्टार्टर किंवा ड्राइव्हचा विचार करावा लागतो. आणि ड्राइव्हच्या बाहेर, मोटरीच्या बाजूला, कपॅसिटर कधीही जोडू नये. सैल पट्टा आणि तिरकी पुली यांत जाणारी शक्ती तर कोणतीही ड्राइव्ह परत आणून देत नाही.

धोरणाची उलटी दिशा

मोटरींच्या कार्यक्षमतेबाबत देशात धोरण नाही असे नव्हे. २०१७ मध्ये केंद्राने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून आयएस १२६१५ या मानकानुसार किमान आयई-२ वर्ग बंधनकारक केला. ईईएसएलने आयई-३ मोटरींसाठी राष्ट्रीय बदल कार्यक्रमही हाती घेतला. युरोपीय संघ तोवर आणखी पुढे गेला. तिथे जुलै २०२१ पासून बहुतेक मोटरींना आयई-३, तर जुलै २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॉटच्या बहुतेक मोटरींना आयई-४ वर्ग आवश्यक झाला.

आपल्याकडे मात्र एक विसंगती आहे. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने मोफत वीज दिली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, याबद्दल दुमत नसावे. पण बिलच शून्य असेल, तर कार्यक्षम पंप घेण्याचे कारणही शून्य होते. त्या वीजवापराचा भार राज्याच्या तिजोरीवर आणि क्रॉस सबसिडीच्या रूपाने उद्योगांच्या दरावर येतो. म्हणजे शेतातील अकार्यक्षम मोटरीची किंमत त्याच शेतातले धान भरडणारी गिरणीही मोजते. मोफत विजेसोबत कार्यक्षम पंपसंच देण्याची अट घातली असती, तर शेतकऱ्याला तोशीस न लागता दोघांचेही भले झाले असते.

गिरणीमालकांनी धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक मोटरीचा प्रवाह, पॉवर फॅक्टर आणि वर्षातील तास यांची नोंद एका वहीत ठेवली, तरी पैसा कुठे गळतो हे एका हंगामात कळेल. धानाचा दाणा न् दाणा वजनकाट्यावर मोजणाऱ्या या उद्योगाने आता विजेलाही तोच काटा लावायला हवा.