कृश प्रमेही कोणाला म्हणावे?

पुण्यातील कोणत्याही आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात तासभर थांबले, तर एक वाक्य हमखास कानी पडते : "शुगरचे चूर्ण द्या." दुकानदार मागे वळतो, डबी काढतो, पैसे घेतो. चूर्ण मागणारा पोट सुटलेला पन्नाशीचा व्यापारी आहे, की हातापायांच्या काड्या झालेला पंचविशीचा तरुण, याने त्या व्यवहारात काहीही फरक पडत नाही. दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेक वैद्यांच्या चिकित्सापत्रातही तो फरक दिसत नाही. गुडमार, जांभूळबी, मेथी, जोडीला चंद्रप्रभा, आणि "गोड बंद, भात बंद, रोज तासभर चाला" हा ठरलेला उपदेश.

वास्तविक चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सहाव्या अध्यायात प्रमेहचिकित्सेच्या आरंभीच रुग्णाचे दोन प्रकार केलेले आहेत. एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. सुश्रुताचार्यांनी सहज व अपथ्यनिमित्तज असा भेद करून पहिला कृश, रुक्ष व अल्पाहारी, तर दुसरा स्थूल, बह्वाशी व बैठ्या वृत्तीचा सांगितला. हे सूत्र आपण परीक्षेत लिहितो आणि बाह्यरुग्ण कक्षात विसरतो.

प्रस्तुत लेखकही ते एकदा विसरला होता. पंचविशीच्या आतला एक मुलगा, वजन ४७ किलो, मूत्रात व रक्तात शर्करा. प्रमेह म्हटल्यावर यवान्न, रुक्ष आहार, दोन वेळचे चालणे आणि चूर्ण लिहून दिले. शर्करेचे आकडे थोडे खाली आले व मी समाधानी झालो. दीड महिन्याने त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, साखर उतरली म्हणता, पण पोरगंच उतरत चाललंय की." वजन चार किलोने घटले होते. स्नेही फिजिशियनकडे पाठविल्यावर त्याला इन्सुलिन सुरू झाले आणि तीन महिन्यांत अंग धरले. ज्याला बृंहण हवे होते, त्याला मी लंघन दिले होते.

येथे संप्रेरकांचा व्यापार थोडा तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. रक्तातील शर्करा थेट उतरविणारे प्रमुख संप्रेरक एकच, ते म्हणजे इन्सुलिन. ती चढविणारी मात्र अनेक : ग्लुकागॉन, ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, वृद्धिसंप्रेरक. अन्न आतड्यात पोहोचताच तेथून जीएलपी-१ सारखी संप्रेरके स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात आणि बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. मग यकृत आपला शर्करेचा पुरवठा आखडता घेते, मांसपेशी शर्करा आत ओढतात आणि मेदपेशी साठविलेला स्नेह सोडणे थांबवितात. जेवण लांबले की ग्लुकागॉन यकृताचे कोठार उघडते. पहाटे कॉर्टिसॉल व वृद्धिसंप्रेरक यांचा जोर वाढतो, म्हणून रात्रभर उपाशी राहूनही काहींची सकाळची शर्करा चढलेली सापडते. दम्याच्या रुग्णाला स्टिरॉइड सुरू झाले की प्रमेह डोके वर काढतो, त्याचेही कारण हेच.

परंतु इन्सुलिनला केवळ 'साखर उतरविणारे' म्हणणे हा अपुरा परिचय आहे. ते मुळात साठविणारे व बांधणारे संप्रेरक आहे. मांसातील प्रथिने टिकविणे, मेद राखणे हीही त्याचीच कामे. ते नाहीसे झाले की खाल्लेले अन्न मूत्रावाटे वाहून जाते, मांस झडते, मेद वितळतो आणि अखेरीस रक्तात कीटोन साचून प्राणावर बेतते. म्हणजे प्रमेहाची वाट दोन प्रकारे तयार होते. इन्सुलिन भरपूर आहे पण पेशी त्याला जुमानत नाहीत, ही एक. इन्सुलिनच पुरेसे निर्माण होत नाही, ही दुसरी. बहुतेक रुग्णांत दोन्हींचे मिश्रण असते, पण कोणते अधिक हे ठरविल्यावाचून चिकित्सा ठरत नाही.

या प्रश्नावर जगाने लक्ष द्यावे असे काम आपल्याच शहरात झाले आहे. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय एकमेकांपासून फार दूर नाहीत. तरीही केईएममधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन लंडनला जितक्या लवकर पोहोचले, तितक्या लवकर ते या पेठेतल्या पेठेत आपल्यापर्यंत आले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

१९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. शेतात राबणाऱ्या या माता सरासरी ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपली बालके सरासरी २.७ किलोची, तेथील ३.५ किलोची. आपल्या बालकांचे मांस व उदरातील अवयव पुष्कळच उणे होते, पण पाठीवरील त्वचेखालचा मेद जवळजवळ त्यांच्याइतकाच राखलेला होता. पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पुण्यातील व लंडनमधील बालकांच्या नाळेतील रक्त तपासले गेले. वजनाने लहान असूनही पुण्याच्या बालकांत इन्सुलिन अधिक होते आणि वजनाच्या मानाने लेप्टिन, म्हणजे मेदपेशींचे संप्रेरकही, अधिक होते. मातेचे इन्सुलिन वार ओलांडून गर्भाकडे जात नाही, शर्करा जाते. तेव्हा नाळेतील हे इन्सुलिन त्या बालकाचेच होते. जन्मतः वजनाने कृश आणि घडणीने मेदुर, असे ते मूल होते.

ती मुले मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली तेव्हा जवळपास निम्मी वजनाने कमीच होती. तरीही मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के व मुलींपैकी सुमारे १८ टक्के जणांची शर्करा प्राकृत मर्यादेबाहेर होती. ही खेड्यातली, चालणारी, बारीक अंगाची मुले. 'गोड खाऊन लठ्ठ झाले म्हणून प्रमेह झाला' हे आपले नेहमीचे व्याख्यान त्यांना काय उपयोगाचे?

याच संदर्भात २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. यूडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र यूडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकाच पंक्तीत बसविले असते.

आता चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्याय पुन्हा उघडून पाहावा. अतिस्थूलाची व्याख्या तेथे वजनाने केलेली नाही. मेद व मांस वाढून नितंब, उदर व स्तन हलू लागणे आणि उपचय यथायोग्य नसणे ही लक्षणे सांगितली आहेत. मेदच वाढत जातो व इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. 'अयथोपचय' हा शब्द मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. ६० किलोचा, बारीक दंडांचा पण कमरेवरचा पट्टा दरवर्षी एक भोक पुढे सरकवणारा संगणक अभियंता काट्यावर कृश ठरतो, पण त्याचा उपचय अयथा आहे. त्याला कृश प्रमेही मानून बृंहण देणे चुकीचे ठरेल. उलट ज्याचे पोटही खपाटीला गेले आहे, बल नाही, तहान व मूत्रप्रवृत्ती अधिक आणि वजन महिन्यागणिक घटते आहे, तो खरा कृश प्रमेही. त्याला अपतर्पण देणे अपराध आहे.

हा दुसरा वर्ग अल्पसंख्य आहे असेही समजू नये. पुण्यातील पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या रुग्णांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्यातील सर्वांत मोठा गट इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेचा होता. त्याच वर्षी वेल्लोरच्या कृश रुग्णांवरील संशोधनातही इन्सुलिनचा अवरोध नव्हे, तर त्याची उणीव हाच मुख्य दोष आढळला. कुपोषणजन्य मधुमेह हा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये मान्य केला होता व १९९९ मध्ये वगळला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉक येथे त्याला 'प्रकार ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली.

यावरून 'आमच्या आचार्यांनी हे सारे आधीच सांगितले होते' असा जयघोष करण्याचा मोह होईल. माझी विनंती आहे की तो टाळावा. इन्सुलिन म्हणजे अमुक अग्नी, लेप्टिन म्हणजे तमुक धातूचा सार, अशी कोष्टके परिसंवादांतून नेहमी दाखविली जातात. त्यांनी टाळ्या मिळतात, पण रुग्णाचा पथ्यविचार तसूभरही बदलत नाही. आचार्यांनी रुग्णाकडे पाहण्याची पद्धत दिली, रेणूंची नावे दिली नाहीत आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. आपण ती पद्धत वापरत नाही, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना सुचवावेसे वाटते ते इतकेच. प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे वजन घ्यावेच, पण कंबरही मोजावी, दंड व मांड्या हाताने पाहाव्यात आणि सहा महिन्यांपूर्वीचे वजन विचारावे. कृशता व बलहानी दिसली तर सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिनच्या निर्मितीबरोबर तेवढ्याच प्रमाणात सी-पेप्टाइड सुटते, त्यामुळे स्वादुपिंडाची खरी मिळकत कळते. मूत्रात कीटोन आढळले तर रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. ज्याचे इन्सुलिन चालू आहे, त्याचे ते आपल्या चूर्णाच्या भरवशावर कदापि बंद करू नये. उणीव असलेल्या रुग्णात इन्सुलिन हेच बृंहण आहे, असे मी आता मानतो. या मताशी असहमत असणारे ज्येष्ठ आहेत, हे मला ठाऊक आहे.

गर्भिणीचा विचार तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. सहा गावांतील मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा अवरोध सर्वाधिक दिसला. गर्भिणी परिचर्येत दूध, घृत व मासानुमासिक पथ्य सांगणाऱ्या आपल्या परंपरेने बी-१२ची तपासणी लिहून देण्यात कमीपणा मानू नये.

औषधालयांच्या मालकांविषयी दोन शब्द. मधुमेह 'बरा करण्याची' जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे सर्वांस माहीत आहे. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. "शुगरचे चूर्ण" मागणाऱ्यास काउंटरवरील माणसाने दोन प्रश्न विचारावेत : इन्सुलिन किंवा गोळी चालू आहे का, आणि वजन घटते आहे का. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने त्यावर आपले चूर्ण सुरू केले आणि जेवण चुकविले, तर शर्करा एकदम उतरून चक्कर येण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तर चूर्ण न देता वैद्याकडे पाठवावे. एका डबीची विक्री बुडेल, हे मान्य आहे.

निर्मात्यांनी वेष्टनावर "वजन घटत असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये" एवढी एक ओळ मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी, असा प्रस्ताव संघटनेच्या आगामी बैठकीत मांडण्याचा माझा विचार आहे. हरकती व दुरुस्त्या सभासदांनी बैठकीपूर्वी लेखी कळवाव्यात.