विश्लेषण : निर्वासित महिलांची बाग कशावर टिकते?

बोस्नियातील युद्धामुळे (१९९२-९५) तीन लाखांहून अधिक लोक जर्मनीत आले. त्यातील अनेकांना मिळाले फक्त ‘डुल्डुंग’. म्हणजे हद्दपारी काही काळ लांबणीवर. पुढच्या वर्षी आपण इथे असू का, हेच ठाऊक नाही.

सुरुवात कशी झाली?
१९९५मध्ये गॉटिंगन शहरातील बोस्नियन महिलांना विचारण्यात आले, सर्वाधिक उणीव कशाची भासते? उत्तर आले, घरच्या बागेची. पुढच्याच वर्षी तिथे सामूहिक लागवड सुरू झाली. २००६मध्ये बर्लिनच्या ग्लाइसड्रायएक भागात, रेल्वेच्या पडीक जमिनीवर ‘रोझेनडुफ्ट’ बाग उभी राहिली. वाफ्यांसोबत मधपेट्याही आल्या.

शहरात मधमाश्या जगतात?
हो. रस्त्याकडेची लिंडेनची झाडे, उद्याने, बाल्कन्या यांमुळे वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत काही ना काही फुललेले असते. मात्र पेट्या फार वाढल्या, तर रानटी मधमाश्यांचे अन्न घटते.

मग अडचण कुठे?
जमिनीत. २००९मध्ये मोरिट्झप्लाट्झ चौकात सुरू झालेल्या बर्लिनमधील दुसऱ्या एका सामूहिक बागेत रोपे क्रेट आणि पोत्यांत लावली जात. जागा कधीही सोडावी लागेल म्हणून. ‘रोझेनडुफ्ट’ला २०११मध्ये खुल्या झालेल्या उद्यानातच जागा मिळाली, म्हणून ती टिकली.

फळझाडाला फळ धरायला काही वर्षे लागतात. जिचा मुक्कामच तात्पुरता, तिला जमीनही तात्पुरतीच दिली, तर ती झाड कशाला लावेल? म्हणूनच बियाणे आणि प्रशिक्षणाइतकाच दीर्घ मुदतीचा भाडेकरार महत्त्वाचा ठरतो.