मुंजाला नवरीच हवी, हे कोणी ठरवलं?

मुलांना भुताची गोष्ट चालते. हडळ चालते, स्मशान चालतं. दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडले, की पुस्तक लगेच 'परदेशी' ठरतं आणि म्हणे मुलं बिघडतात. हडळीची गोष्ट वाचून आजवर कोणी हडळ झालंय का?

एडन थॉमस यांची 'सिमेटरी बॉइज' (२०२०) परदेशीच आहे. तिच्यातला याद्रिएल हा ट्रान्स मुलगा एका आत्म्याला बोलावतो, दुसराच येतो, आणि तो त्या मुलाच्याच प्रेमात पडतो.

पण आपला मुंजा? मुंज झालेला, लग्नाआधी मेलेला, पिंपळावर बसलेला पोरगा. त्याची इच्छा अपुरी राहिली म्हणतात. ती नवरीचीच होती, हे त्याला विचारलं कोणी?

मराठीला हे प्रेम नवं नाही. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. तरी जालन्यातल्या, अंबड-भोकरदनातल्या सोळा वर्षांच्या पोराला भूत मराठीत भेटतं, प्रेम मात्र मोबाइलवर इंग्रजीत शोधावं लागतं. घरात असून कुणाला न दिसणं म्हणजे काय, हे त्याला भुताने शिकवायची गरज नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांनो, ही कादंबरी आपल्या मराठवाडी बोलीत लिहा. फक्त शेवटी त्या पोराला मारू नका. गोष्टीत भूत एकच पुरे.